लिंबू, सुई आणि रक्तात उतरलेली बुरशी

१९८० नंतरच्या काही वर्षांत पॅरिस, बार्सिलोना, ग्लासगो आणि सिडनी इथल्या डॉक्टरांसमोर एकाच साच्यातले रुग्ण येऊन बसू लागले. बहुतेक जण विशी-पंचविशीतले. हकिकत साधारण अशी असायची: एका रात्री अचानक हुडहुडी भरून ताप आला, डोकं ठणकायला लागलं, घामानं अंथरूण भिजलं. एक-दोन दिवसांत ताप उतरला, तेव्हा सुटलो एकदाचे असं वाटलं. मग डोक्यात केसांच्या मुळाशी आणि दाढीत दुखऱ्या पुळ्या उठल्या. त्यानंतर काही दिवसांत एका डोळ्यापुढे धुकं दाटलं. काहींना तर आणखी काही आठवड्यांनी, छातीच्या फासळ्या जिथे मधल्या हाडाला येऊन मिळतात तिथे, सूज येऊन दुखायला लागलं.

ताप, पुळ्या, डोळा, फासळी. या चार तक्रारी एकामागोमाग एका ओळीत येतात असा आजार डॉक्टरांच्या ओळखीचा नव्हता. पुळीतला केस काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा उत्तर मिळालं. केसाच्या मुळाशी बुरशीचे धागे गुंतलेले होते. हे सगळे तरुण हेरॉइन शिरेतून टोचून घेणारे होते आणि त्यांनी वापरलेलं हेरॉइन तपकिरी रंगाचं होतं. १९८३ मध्ये सिडनीतल्या डॉक्टरांनी लिहिलं, की हेरॉइन टोचून घेणाऱ्यांमधला हा एक स्वतंत्र, वेगळा ओळखता येणारा आजार आहे.

पुढे चाळीस वर्षं झाली. हा आजार वेगळ्या देशांत, वेगळ्या रूपात परत आला आहे. तो नीट समजून घ्यायचा तर आधी बुरशीची ओळख हवी, मग थोडं रसायनशास्त्र, आणि मग दवाखान्यात नेमकं काय घडतं ते.

घरातलीच, पण जागा चुकलेली

२०२१ मध्ये कोविडच्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द आपल्या प्रत्येकाच्या घरात पोहोचला. ती बुरशी बाहेरून, हवेतून आणि धुळीतून येते. आपण इथे जिच्याबद्दल बोलतोय ती कँडिडा तशी नाही. ती आपल्यातच राहते. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, कातडीच्या घड्यांमध्ये ती कुणाला न कळता नांदत असते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे येतात, पुसले तरी सहज निघत नाहीत, ती हीच. कवळी लावणाऱ्या आजोबांच्या टाळूला लाली येते, मधुमेह असलेल्या बाईला जांघेत खाज सुटते, तिथेही बहुतेक वेळा हीच. नावातही पांढरेपण दोनदा आलंय: ‘कँडिडा अल्बिकन्स’ या लॅटिन नावातले दोन्ही शब्द पांढऱ्या रंगावरूनच आलेले आहेत.

पावाच्या पिठात घालतात त्या यीस्टच्या गोत्रातली ही बुरशी. एरवी गोल-अंडाकृती पेशी, एकीला कोंब फुटून दुसरी होणार. पण कँडिडा अल्बिकन्सकडे आणखी एक कला आहे. संधी मिळाली की ती लांब धागे काढते आणि त्या धाग्यांनी ऊतीत घुसते. केसाच्या मुळाशी दिसले ते हेच धागे.

मग एरवी ती गप्प का राहते? तीन राखणदार आहेत म्हणून. कातडी आणि आतड्याचं अस्तर ही पहिली भिंत. आतड्यातले असंख्य जिवाणू हा दुसरा पहारा. ते जागा आणि अन्न व्यापून बसलेले असतात, त्यामुळे बुरशीला पसरायला वाव मिळत नाही. आणि तिसरा पहारा म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल. चुकून एखादी बुरशीची पेशी रक्तात आलीच, तर त्या तिला गिळून टाकतात.

रुग्णालयात, अतिदक्षता विभागात हे तिन्ही पहारे एकदम ढिले पडतात. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असते, पोटाची शस्त्रक्रिया झालेली असते, प्रतिजैविकांनी आतड्यातले जिवाणू मारलेले असतात. म्हणून रक्तातला कँडिडा, म्हणजे कँडिडेमिया, हा अनेक वर्षं अतिदक्षता विभागाचाच आजार मानला गेला. भारतातल्या २७ अतिदक्षता विभागांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल झालेल्या दर १००० रुग्णांमागे ६.५१ जणांच्या रक्तात कँडिडा सापडला होता. आपल्याकडे त्यात सगळ्यात जास्त प्रमाण होतं कँडिडा ट्रॉपिकॅलिस या भावंडाचं.

आता यातलं काहीच नसलेला, चालता-फिरता तीस वर्षांचा माणूस घ्या. त्याच्या मानेत नळी नाही, पोटावर टाके नाहीत, न्यूट्रोफिल शाबूत आहेत. त्याच्या रक्तात बुरशी येते कशी? सुईनं येते. पहिली भिंत सुई ओलांडून देते, आणि एक-दोन पेशींऐवजी एका दमात हजारो पेशी थेट शिरेत सोडते. न्यूट्रोफिल त्यातल्या बहुतेकींचा फडशा पाडतात. तो पहिल्या रात्रीचा हुडहुडीचा ताप म्हणजे हीच लढाई. रक्त काही तासांत स्वच्छ होतंही. पण तोवर काही पेशी केसांच्या मुळांत, डोळ्याच्या पडद्यामागच्या बारीक रक्तवाहिन्यांत, फासळीच्या कूर्चेत जाऊन बसलेल्या असतात. म्हणूनच त्या काळातल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात, ते दवाखान्यात पोहोचेपर्यंत, काहीच सापडत नसे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मी डॉक्टर नसलेल्यांइतकाच डॉक्टरांकडूनही ऐकला आहे. ‘सुईनं नशा करतो, म्हणजे एचआयव्ही असणार, म्हणून बुरशी झाली.’ एचआयव्हीमुळे तोंडात आणि अन्ननलिकेत कँडिडा माजतो हे खरं, कारण त्या अस्तराची राखण करणाऱ्या टी-पेशी त्यात कमी होतात. रक्ताची राखण मुख्यतः न्यूट्रोफिल करतात. त्यामुळे एचआयव्हीची तपासणी ‘नाही’ आली म्हणून रक्तातल्या बुरशीची शक्यता पुसली जात नाही.

लिंबाचं काय काम?

तपकिरी हेरॉइन हे ‘बेस’ रूपात असतं. पांढरं हेरॉइन हे क्षार रूपात. रेणू तोच, पण वागणूक अगदी वेगळी. क्षार पाण्यात सहज विरघळतो. बेस विरघळत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात याची जुळी गोष्ट रोज घडते. तांब्याच्या कळशीवर काळपट थर चढतो. पाण्यानं कितीही घासा, तो जात नाही. लिंबाची फोड फिरवली की क्षणात तांबं लखलखतं. लिंबातलं आम्ल त्या थराशी संयोग करून त्याचा विरघळणारा क्षार बनवतं आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. तपकिरी हेरॉइनचंही तेच. ते पाण्यात उतरायला आम्ल लागतं, आणि सगळ्यात स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं आम्ल म्हणजे लिंबाचा रस. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या पट्ट्यातलं तपकिरी हेरॉइन युरोपात आणि ऑस्ट्रेलियात पोहोचलं, तेव्हा त्याच्या मागोमाग लिंबू आलं.

आता लोणच्याची बरणी आठवा. मीठ कमी पडलं किंवा ओला चमचा लागला की लिंबाच्या लोणच्यावरही पांढरी साय धरते. आंबटपणा जिवाणूंना मानवत नाही. बुरशीला तो चालतो. लिंबाच्या रसाइतक्या आम्लात बहुतेक जिवाणू मरतात, कँडिडा मात्र तग धरतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बुरशी वाढवायला जे माध्यम वापरतात, ते रेमों साबुरो या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाच्या नावानं ओळखलं जातं. त्याचं तत्त्वही हेच: साखर भरपूर आणि आंबटपणा थोडा जास्त, म्हणजे जिवाणू मागे पडतात आणि बुरशी पुढे निघते. कापून ठेवलेलं लिंबू किंवा उघडून ठेवलेली रसाची बाटली ही नकळत तयार झालेली तशीच बशी होती.

त्या बशीत बुरशी आली कुठून? आधी संशय हेरॉइनवर गेला. जप्त केलेल्या मालाची तपासणी झाली, पण तिथे या साथीचं उत्तर मिळालं नाही. बोट वळलं ते लिंबाकडे, आणि लिंबामागे माणसाकडे. तोंडात धरलेली सुई, टोचण्याआधी सुईच्या टोकाला लावलेली जीभ, बोटांनी पिळलेली फोड, चार जणांत फिरलेली एकच बाटली. कँडिडा त्या माणसांच्याच तोंडातला आणि कातडीवरचा होता. तो लिंबात गेला, तिथे टिकला, आणि सुईतून परत त्यांच्याच शरीरात अशा जागी पोहोचला जिथे तो कधीच जायला नको होता.

या साखळीत ‘घाणेरडा माल’ किंवा ‘घाणेरडी माणसं’ शोधत बसलं तर उपाय हाती लागत नाही. साखळीची कडी नेमकी कुठे आहे हे कळलं की ती तोडता येते. ब्रिटननं ती तोडली. तिथे पूर्वी टोचण्याच्या तयारीला लागणारं साहित्य देणं कायद्यानं गुन्हा होता. २००३ मध्ये कायद्यात बदल करून डॉक्टर, औषधविक्रेते आणि व्यसनमुक्ती कार्यकर्त्यांना एकदाच वापरायची सायट्रिक आम्लाची सीलबंद पुडी देण्याची मुभा मिळाली. लिंबातलं तेच आम्ल, पण कोरडं, एका वेळेपुरतं आणि बुरशीविना. इतकी साधी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात शिरायला वीस वर्षं लागली, याची मला हळहळ वाटते. त्या वीस वर्षांत किती डोळे गेले असतील?

तीच पूड मुंबईत

हीच तपकिरी पूड त्याच सुमारास मुंबईत उतरली होती. तिला ब्राऊन शुगर म्हणत, आणि मराठीत तिचं नाव पडलं गर्द. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते याच गर्दच्या लाटेत. मग मुंबई-पुण्यात लिंबाची साथ का गाजली नाही?

याचं एक उत्तर पुन्हा बेस आणि क्षार या फरकात आहे. बेस पाण्यात विरघळत नाही, पण तापवल्यावर न जळता त्याची वाफ मात्र चांगली होते. त्यामुळे आपल्याकडे गर्द मुख्यतः पन्नीवर तापवून, नळीनं धूर ओढून घेतली गेली. ज्याला ‘चेसिंग’ म्हणतात ते हेच. धूर ओढायला लिंबू लागत नाही, सुई लागत नाही. फुप्फुसांची, पोटापाण्याची, घराची दुर्दशा झाली ती वेगळी. पण रक्तात बुरशी जायचा हा एक रस्ता तिथे बंद राहिला.

ईशान्येत चित्र उलट होतं. मणिपूरला म्यानमारच्या सीमेवरून येणारं हेरॉइन पांढरं, क्षार रूपातलं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून ते टोचलं गेलं, आणि एकच सुई अनेकांत फिरली. १९८९-९० च्या सुमारास तिथे टोचून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही इतक्या वेगानं पसरला, की बाकीच्या सगळ्या संसर्गांवरचं लक्ष त्यानं ओढून घेतलं. पंजाब-दिल्लीकडे वेदनाशामक ब्युप्रेनॉर्फिनच्या अँप्युलमध्ये ॲलर्जीचं आणि झोपेचं औषध मिसळून टोचण्याची पद्धत पसरली. तिथेही लिंबाचा संबंध नाही. पण न धुतलेले हात, नळाचं पाणी आणि वापरलेली सुई या तीन गोष्टी तिथेही आहेत, आणि कँडिडाला त्या पुरतात. केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज होता की देशात सुमारे ८.५ लाख माणसं नशा टोचून घेतात.

अमेरिकेत झालेली पुनरावृत्ती

अमेरिकेत १९९० नंतर वेदनाशामक गोळ्यांचा महापूर आला. गोळ्यांवर बंधनं आली तशी माणसं हेरॉइनकडे वळली, आणि २०१३ नंतर फेंटानिल या कृत्रिम वेदनाशामकाकडे. टोचणारे वाढले तसे सुईचे सगळे आजार वाढले: कावीळ क (हेपॅटायटिस सी) आणि हृदयाच्या झडपांचा संसर्ग, आणि त्यांच्या जोडीला कँडिडेमियाही. तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रणाचं काम करणाऱ्या सरकारी संस्थेनं नऊ राज्यांतल्या ठरावीक भागांत रक्तातल्या कँडिडाची नोंद ठेवली. २०१७ मध्ये दर दहा रुग्णांमागे साधारण एक जण अलीकडे नशा टोचून घेतलेला होता. टेनेसीसारख्या राज्यात हे प्रमाण वर्षागणिक चढत होतं. या रुग्णांचं मधलं वय पस्तिशीच्या आसपास, तर इतर कँडिडेमिया रुग्णांचं साठीच्या पुढे. एका बाजूला म्हातारपण आणि मोठी आजारपणं, दुसऱ्या बाजूला ऐन उमेदीतली माणसं.

लिंबू इथे एकटं गुन्हेगार नाही. क्रॅक कोकेन टोचायला आम्ल लागतं, तिथे लिंबू-व्हिनेगर येतं. पण कापसाचा परत-परत वापरलेला बोळा, सामायिक चमचा, उघड्यावर राहणाऱ्याला न मिळणारं स्वच्छ पाणी आणि साबण यांचाही वाटा आहे. आणखी एक रस्ता आपल्या औषधोपचारांतूनच निघतो. टोचणाऱ्याला गळू होतं, रक्तात जिवाणू जातात, त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा प्रतिजैविकं मिळतात. तो दुसरा पहारा, आतड्यातल्या जिवाणूंचा, उठून जातो. कँडिडा वाढतो. जिवाणू आणि बुरशी एकाच वेळी रक्तात सापडणं या रुग्णांमध्ये वारंवार दिसतं.

निदान हुकतं ते इथेच

समजा असा एक माणूस तापानं फणफणून दवाखान्यात आला. हातावर सुयांच्या खुणा आहेत. डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं स्टॅफिलोकोकस या जिवाणूचं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. प्रतिजैविक सुरू होतं. ताप जरा कमी-जास्त होतो. पण रक्तात बुरशी असेल तर त्या औषधाचा तिच्यावर काडीचाही परिणाम नाही.

बुरशी आहे हे कळण्यासाठी मुख्य तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबवायचं आणि काही वाढतंय का ते पाहायचं. यात दोन अडचणी. कँडिडा वाढायला एक ते तीन दिवस, कधी जास्तही लागतात. आणि शरीरात खोलवर कँडिडा पसरलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचंच कल्चर त्याला पकडू शकतं. बाकीच्यांचा अहवाल ‘काही वाढलं नाही’ असा येतो. म्हणून डोक्यातल्या पुळ्या, डोळ्यापुढचं धुकं, फासळीची सूज या खुणांना इतकं महत्त्व आहे. रक्तातला बुरशीच्या भिंतीचा अंश मोजणारी बीटा-डी-ग्लुकॅन ही चाचणी मदतीला येते. उलट, कल्चरच्या एका जरी बाटलीत कँडिडा वाढला, तरी ‘नमुना घेताना कातडीवरून आला असेल’ असं म्हणून तो सोडून द्यायचा नसतो. रक्तातला कँडिडा नेहमी खराच धरायचा, हा या क्षेत्रातला पक्का नियम आहे.

निदान झालं की दोन तपासण्या लगेच. पहिली, बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी. तिथे कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर औषधाची निवडच बदलते. दुसरी, हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको. झडपेवर कँडिडानं घर केलं असेल तर तिथे मोठाले गोळे तयार होतात. त्यांचा तुकडा सुटून पायाची किंवा मेंदूची रक्तवाहिनी बंद करू शकतो. अशा वेळी नुसत्या औषधानं सहसा भागत नाही. झडपेची शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यानंतरही दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागतात. या आजाराची सगळ्यात क्रूर बाजू हीच आहे. कँडिडेमिया झालेल्यांपैकी एरवी साधारण चारातला एक रुग्ण दगावतो. टोचणारे तरुण असल्यामुळे त्यांच्यात हे प्रमाण कमी असतं, पण झडप पकडली गेली की तरुणपणाचा तो आधार राहत नाही.

औषध: शत्रू आपल्यासारखाच असला की

जिवाणू मारणं तुलनेनं सोपं, कारण त्याची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी असते. बुरशीची पेशी आपल्या पेशीची नातलग आहे. तिच्यातही केंद्रक आहे, तिची यंत्रणाही बरीचशी आपल्यासारखी. तिला मारताना आपल्याला इजा होऊ नये म्हणून औषधांना अगदी नेमके फरक हेरावे लागतात. असे दोन फरक सापडले आहेत. आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात त्याच्या जागी अर्गोस्टेरॉल. अँफोटेरिसिन त्या अर्गोस्टेरॉलला धरून पडद्याला भोकं पाडतं. फ्लुकोनाझोल ते तयारच होऊ देत नाही. दुसरा फरक म्हणजे भिंत. आपल्या पेशीला भिंत नसते, बुरशीला असते. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, अनिड्युलाफंजिन ही एकायनोकँडिन गटातली औषधं त्या भिंतीचं बांधकाम थांबवतात. रक्तातल्या कँडिडासाठी आज सुरुवात बहुधा यांनीच करतात. डोळ्यात मात्र ती फारशी पोहोचत नाहीत, म्हणून डोळ्याची तपासणी उपचाराच्या सुरुवातीलाच हवी. डोळा पकडला असेल तर फ्लुकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल लागतं, कधी थेट नेत्रगोलात औषध टोचावं लागतं.

अँफोटेरिसिनच्या कुळातलं एक औषध आपल्या पिंपरीचं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूला मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन मिळालं. त्या सूक्ष्मजीवाच्या नावातही गाव आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

उपचार किती दिवस? रक्त स्वच्छ झाल्याचं पहिलं कल्चर आल्या दिवसापासून निदान दोन आठवडे. डोळा, हाड, झडप यांत शिरलं असेल तर कितीतरी जास्त. आणि एकायनोकँडिन गटाच्या गोळ्या नाहीत. ही औषधं सलाइनमधूनच द्यावी लागतात, म्हणजे मुक्काम दवाखान्यात.

माझ्या मते या आजाराचा खरा निकाल या मुक्कामात लागतो. दवाखान्यात हेरॉइन मिळत नाही. काही तासांत टर्की सुरू होते: हाडं मोडल्यासारखी दुखतात, उलट्या, जुलाब, झोप नाही, जिवाची नुसती तगमग. तिसऱ्या दिवशी माणूस सलाइनची सुई काढून निघून जातो, आणि कागदावर लिहिलं जातं ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध गेला’. बुरशीचं औषध दोन दिवसांचं झालेलं, पुढचे बारा दिवस तसेच राहिलेले. त्याला टर्कीसाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, म्हणजे हेरॉइनची जागा घेऊन ही तगमग शमवणारं औषध, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळेवर दिलं, तर तो थांबू शकतो. बुरशीच्या औषधाइतकंच हे औषध या उपचाराचा भाग आहे. मधुमेही रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी इन्सुलिन नाकारून आपण ‘आधी साखर खाणं सोड’ असं म्हणत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत रेझाफंजिन या औषधाला मान्यता मिळाली. त्याच भिंत पाडणाऱ्या गटातलं, पण आठवड्यातून एकदाच द्यायचं. रोजच्या सलाइनसाठी थांबू न शकणाऱ्या माणसासाठी या एका फरकाचं मोल फार मोठं आहे.

कडी तोडायची कशी

नशा थांबली तर हा धोका संपतो, यात शंका नाही. पण ज्याची आज थांबलेली नाही, त्याला उद्यापर्यंत जिवंत आणि डोळस ठेवायचं काम आजच करायचं असतं. दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज. निर्जंतुक पाणी. टोचण्याआधी हात आणि कातडी स्वच्छ. सुई तोंडात धरायची नाही, तिला जीभ लावायची नाही. चमचा, कापूस, पाणी कुणाबरोबर वाटायचं नाही. लिंबाचा रस आणि व्हिनेगर तर नाहीच. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात टोचून घेणाऱ्यांसाठी सुई-सिरिंज बदलून देण्याची आणि जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीची सोय आहे. गोळी जिभेखाली गेली की सुईची गरजच उरत नाही, आणि सुईबरोबर येणारी बुरशीही नाही. त्या गोळीला ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी एकदा या आजारातून उठलेल्या माणसाच्या डोळ्याचा अहवाल वाचावा असं मला मनापासून वाटतं.

‘गर्दुल्ला’ हा शब्द आपल्या तोंडी किती सहज येतो. तो ऐकलेला माणूस दवाखान्यात हाताच्या बाह्या खाली ओढून बसतो. डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाही, आणि मग डॉक्टरांच्या मनात बुरशी येतच नाही. माहिती न मिळाल्यानं गेलेले ते चार दिवस डोळ्याच्या पडद्याला महागात पडतात.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी टोचून घेत असेल, आणि त्याला हुडहुडी भरून ताप आला असेल, तर ताप आपोआप उतरला तरी गाफील राहू नका. पुढचे दोन-तीन आठवडे डोक्यात किंवा दाढीत दुखऱ्या पुळ्या, डोळ्यापुढे धुकं किंवा तरंगणारे काळे ठिपके, डोळा लाल होऊन दुखणं, छातीच्या किंवा पाठीच्या हाडात नवं दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी स्पष्ट सांगा: हा नशा टोचून घेतो, आणि याच्या रक्तात बुरशी असू शकते का ते पाहा. डोळ्याच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा. प्रतिजैविक देण्याआधी ब्लड कल्चर घ्यायला सांगा. टर्कीचं काय करणार तेही तिथेच विचारा. व्यसनमुक्तीसाठीची केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. जवळच्या केंद्राची माहिती तिथे मिळते, आणि फोन घरच्यांनी केला तरी चालतो.